सुरतेतील थडगे आणि कोचीची साक्षपत्रे

सुरत शहराच्या उत्तरभागी, कतारगाम दरवाज्याच्या परिसरात, सतराव्या शतकातील परकीय व्यापाऱ्यांच्या दफनभूमी आहेत. एका आवारात इंग्रजांची थडगी आहेत, दुसऱ्यात डच व आर्मेनियन लोकांची. इंग्रजांच्या आवारातील सर्वांत भव्य वास्तू ऑक्झेंडन बंधूंची. त्यांतील जॉर्ज ऑक्झेंडन हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. १६६४ च्या जानेवारीत शिवछत्रपतींची स्वारी सुरतेवर आली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख तोच होता. ह्या वास्तूवर वरताण करावी म्हणूनच डचांनी आपल्या आवारात त्याहून मोठे थडगे उभारले, असे सांगतात. खाली व वर सज्जे, भोवती देखणे स्तंभ आणि माथ्यावर दुहेरी घुमट, असे हे थडगे हेंड्रिक आड्रियान व्हान ऱ्हीड ह्या डच सरदाराचे आहे. १६९१ च्या डिसेंबरात कोचीहून सुरतेस येत असता मुंबईनजीक समुद्रावर तो वारला आणि १६९२ च्या जानेवारीच्या आरंभी त्याचा देह सुरतेत पुरण्यात आला.

ऑक्झेंडनचे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येते, ऱ्हीडचे सहसा येत नाही. वस्तुतः आपल्या समाजाशी ऱ्हीडचा संबंध अधिक निकटचा आहे. त्याने सिद्ध करविलेल्या 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे 'मलबारचे उद्यान', ह्या लॅटिन ग्रंथाच्या पहिल्याच खंडात तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचे एक साक्षपत्र छापलेले आहे. भाषा कोंकणी, लिपी नागरी, तारीख २० एप्रिल १६७५. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट अशी त्या वैद्यांची नावे. ज्याच्या ग्रंथात ही नावे आहेत त्याची माती सुरतेत आहे, आणि ज्यांची नावे आहेत त्यांचे पूर्वज आपल्याच कुलदेवतांबरोबर गोव्यातून बाहेर पडले होते. हा योग केवळ कुतूहलाचा नव्हे. ज्ञानाचे श्रेय कोणाचे आणि ते कोणत्या पुराव्याने ठरवावयाचे, असा एक जुना पण अद्याप न सुटलेला प्रश्न त्यातून उभा राहतो.

हा प्रश्न समजण्यासाठी त्या काळच्या युरोपाकडे थोडे पाहिले पाहिजे. 'युरोप' ही एकजिनसी वस्तू आहे असे मानून तिची सरसकट स्तुती अथवा सरसकट निंदा करण्याची आपणांस सवय लागली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोप तसा नव्हता. एकाच भूखंडात लिस्बन होते आणि ॲम्स्टरडॅमही होते. पोर्तुगालच्या राजसत्तेने धर्मसत्तेशी हातमिळवणी केली आणि १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. त्याच सुमारास मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळास व शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास कशी नेण्यात आली, १५६७ साली साष्टीतील देवळे कशी पाडण्यात आली, हा इतिहास आपल्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. कोणी अंत्रुजेत थांबले, कोणी कारवार-मंगळुराकडे गेले, कोणी थेट कोचीपर्यंत पोहोचले. कोचीतील मट्टांचेरी येथे ह्या निर्वासितांनी तिरुमल देवस्थान उभारले. परंतु पोर्तुगीज कोचीतही होतेच, आणि १६६२ साली त्यांनी तेही देऊळ लुटले.

ह्याच पोर्तुगीज गोव्यात एक वेगळा मनुष्यही होऊन गेला. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ साली गोव्यास आला. तो मूळच्या ज्यू, पण सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातील. हिंदी औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. हिंदू वैद्यांकडून आपण काय शिकलो हे तो त्यात उघडपणे सांगतो, आणि एका संवादात मालुपा नावाचा हिंदू वैद्य पात्र म्हणून येतो. त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप चारच वर्षांत अँटवर्प येथे निघाला व युरोपभर वाचला गेला. पण १५६८ साली ओर्ता वारला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीस गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० साली खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्या सत्तेने आपली देवळे पाडली त्याच सत्तेने आपल्या एका श्रेष्ठ शास्त्रज्ञाच्या हाडांचाही सूड घेतला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. छळाला धर्माचे नाव मिळाले म्हणजे त्याची धाव एकाच समाजावर थांबत नाही.

लिस्बनच्या ह्या सत्तेपासून पळालेले लोक उत्तरेस ॲम्स्टरडॅमला जात. तत्त्वज्ञ स्पिनोझा ह्याचे आईबाप अशाच पोर्तुगीज ज्यू कुटुंबांतले. स्पिनोझा १६६१ पासून काही वर्षे राइन्सबर्ग ह्या खेड्यात राहत असता योहानेस कासेआरियस नावाचा एक तरुण त्याच्याकडे शिकत होता. ह्या शिष्याला देकार्तचे तत्त्वज्ञान शिकविण्याच्या निमित्ताने स्पिनोझाने जे लिहिले, त्यातूनच १६६३ साली त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेला पहिला ग्रंथ आकारास आला. पुढे हा कासेआरियस धर्मोपदेशक होऊन डच कंपनीच्या चाकरीत कोचीला आला, आणि 'हॉर्टस'च्या पहिल्या दोन खंडांचे लॅटिन त्यानेच लिहिले. म्हणजे एका इन्क्विझिशनपुढून पळालेल्या ज्यू घराण्याच्या पुत्राचा शिष्य, त्याच संस्थेच्या गोव्यातील शाखेपुढून पळालेल्या ब्राह्मणांच्या वंशजांचे ज्ञान टिपून घेत होता. इतिहासात असे योग कोणी जुळवून आणीत नाही. परागंदा माणसांच्या वाटाच कोठे तरी एकमेकींस मिळतात.

आता ऱ्हीडविषयी. तो उट्रेख्टकडील सरदार घराण्यातला. विशीत कंपनीच्या चाकरीस लागला आणि १६६३ च्या जानेवारीत डचांनी पोर्तुगिजांकडून कोची घेतली त्या मोहिमेत तो होता. १६७० च्या सुमारास तो मलबारचा कमांडर झाला. ह्या पालटानंतर कोंकणी समाजाच्या वस्तीला व देवस्थानाला डच कंपनीच्या संरक्षणाचे छत्र लाभले. परंतु ह्यामुळे ऱ्हीडला साधुपुरुष समजण्याचे कारण नाही. मिरीची मक्तेदारी राखणे हे त्याच्या कंपनीचे प्रथम कर्तव्य होते, आणि माणसांची गुलाम म्हणून खरेदी-विक्रीही तीच कंपनी करीत असे. वनस्पतींच्या ह्या उद्योगामागेही व्यवहार होता. कंपनीच्या दवाखान्यांत लागणारी औषधे युरोपाहून येत. त्यांतील कित्येक मुळात पूर्वेकडचीच असून, लांबच्या फेऱ्यात जुनी व निःसत्त्व होऊन परत येत. ती जागच्या जागी मिळाली तर खर्च वाचणार होता. शिवाय सिलोनचा विजेता व्हान गोन्स आणि ऱ्हीड ह्यांच्यात चुरस होती. एकाला सिलोनचे माहात्म्य वाढवावयाचे होते, दुसऱ्याला मलबार ही काय मोलाची भूमी आहे हे मालकांना पटवावयाचे होते.

काळही मोठा बिकट होता. १६७२ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने हॉलंडवर स्वारी केली. ऱ्हीडच्या घराण्याचे उट्रेख्ट शत्रूच्या हाती पडले. देशाचा कारभारी योहान द विट ह्याला व त्याच्या भावाला हेग शहरात जमावाने ठार मारले. स्वदेशी असा आकांत चालला असता कोचीत हा ग्रंथ आकार घेऊ लागला. इकडे ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश त्याच काळात तयार झाला. रायगडावर शब्दांची नोंद आणि कोचीत वनस्पतींची, ही दोन्ही कामे एकाच दशकातली आहेत.

ग्रंथाची पद्धती अशी होती. माणसे रानावनांतून फांद्या, फुले, फळे, मुळे आणीत. चित्रकार त्यांची चित्रे काढीत. आरंभी माथेउस नावाच्या इटालियन कार्मेलाइट पाद्र्याचे साहाय्य होते. पुढे ऱ्हीडने जाणत्या लोकांची एक सभाच बसविली. पंधरासोळा विद्वान एकत्र बसत आणि एकेका वनस्पतीची ओळख, नाव व गुण ह्यांवर चर्चा करीत. तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत ऱ्हीड ह्या सभेचे वर्णन करतो. वाद कितीही चालला तरी ते लोक तोल सोडीत नसत व पूर्वाचार्यांच्या मतांचा आदर राखीत, ह्याचे त्याला विशेष कौतुक वाटले. वनस्पतीचे नाव निघताच ब्राह्मण तिच्यासंबंधीचा श्लोक मुखोद्गत म्हणत, हेही त्याने नमूद केले आहे. अशा रीतीने १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंड निघाले. सुमारे ७४० वनस्पती आणि जवळजवळ आठशे चित्रे त्यांत आहेत. अगदी पहिली वनस्पती नारळ, आणि पोर्तुगिजांनी अमेरिकेहून आणलेला काजूही तिसऱ्या खंडात मलबारी नावाने आलेला आहे. चित्रांवर रोमन, मल्याळम, अरबी व नागरी अशा लिप्यांत नावे कोरलेली दिसतात. कोंकणीचे मुद्रण त्यापूर्वीही झाले होते. फादर स्टीफन्सची कोंकणी 'दौत्रीना' १६२२ साली रायतूर येथे छापली गेली, पण ती रोमन लिपीत. नागरी लिपीतील कोंकणीच्या अत्यंत जुन्या छापील नमुन्यांत 'हॉर्टस'मधील साक्षपत्राची गणना करावी लागेल.

ह्या साक्षपत्रांकडे वकिलाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे मौज वाटते. त्या काळी युरोपातील नवे शास्त्र न्यायालयाच्या पद्धती उचलीत होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने, केवळ कोणी सांगितले म्हणून काही मानू नये, असे ब्रीद घेतले होते. परंतु हजारो कोसांवरील झाड प्रत्येकाने स्वतः कसे पाहावे? तेव्हा साक्षीदार आले, त्यांची नावे, जात, गाव, धंदा आले, आणि शेवटी सही आली. मलबारची वनस्पती हॉलंडमधील वाचकाने खरी मानावी म्हणून ऱ्हीडने प्रतिज्ञापत्रेच जोडली.

त्यांतील प्रत्येक साक्षीदार काय सांगतो ते वेगवेगळे पाहिले पाहिजे. तीन ब्राह्मण म्हणतात की, कमांडरच्या आज्ञेने आम्ही कोचीस आलो. आमच्या 'महानिघंटु' ग्रंथात असलेली आणि नित्याच्या अनुभवाने आम्हांस ठाऊक असलेली झाडे, वेली व औषधी ह्यांची नावे व गुण आम्ही सांगितले. हे काम जवळजवळ दोन वर्षे सकाळ-सायंकाळ चालले. म्हणजे त्यांच्या साक्षीचा आधार दुहेरी आहे, ग्रंथ आणि अनुभव. दुसरे साक्षपत्र इट्टी अच्युतन ह्या मलयाळी वैद्याचे. तो करप्पुरम भागातील एझवा जातीचा व परंपरागत वैद्यकी करणारा. घरातील जुन्या पोथ्या आणि स्वतःचा अनुभव ह्यांच्या आधारे आपण माहिती सांगितली, असे तो आपल्या जुन्या कोलेळुत्तु लिपीत लिहितो. तिसरे साक्षपत्र मानुएल कार्नेरो ह्या दुभाष्याचे. अच्युतनने सांगितलेले आपण पोर्तुगीजमध्ये उतरविले, एवढेच त्याचे म्हणणे. पुढे पोर्तुगीजवरून लॅटिन भाषांतर कोचीचा चिटणीस व्हान डोनेप ह्याने केले. आजच्या न्यायालयात साक्षीदार, दुभाषी आणि चिटणीस ह्यांची जी साखळी आपण पाहतो, तीच येथे आहे. आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचे तेवढेच सांगितले आहे.

येथेच खरा प्रश्न येतो. हा ग्रंथ वस्तुतः सारस्वत वैद्यांचा असून ऱ्हीडने केवळ आपले नाव लावले, असे आपल्या समाजात कधी कधी अभिमानाने बोलले जाते. केरळात अच्युतनविषयी तसेच बोलले जाते. अभिमान समजण्यासारखा आहे; पण साक्षपत्र त्याला पुरेसा आधार देत नाही. आपल्या तिघा वैद्यांनी कोठेही सारे श्रेय स्वतःकडे घेतलेले नाही. किंबहुना पानोपानी येणारी प्रमुख नावे मलयाळी आहेत, कोंकणी नावे त्यांच्या जोडीला आलेली आहेत. रिचर्ड ग्रोव्ह ह्या इतिहासकाराने गेल्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादले की, ह्या ग्रंथातील वर्गीकरणाचा गाभा ब्राह्मणांच्या ग्रंथज्ञानापेक्षा एझवा वैद्यांच्या प्रत्यक्ष ज्ञानावर अधिक उभा आहे. हे मत सर्वांशाने मान्य करावे असे नाही. सभेत दोन्ही परंपरा समोरासमोर बसल्या होत्या, हे ऱ्हीडचेच सांगणे आहे. पण ज्या काळी आपल्याकडे एझवा वैद्य आणि ब्राह्मण पंडित एका पंगतीस बसणे अशक्य होते, त्या काळी एका पुस्तकाच्या आरंभी त्यांच्या सह्या एकाच खंडात बसल्या, ह्याचा अभिमान बाळगणे अधिक योग्य नव्हे काय? आणि हे एका परकीय व्यापारी कंपनीच्या चाकराकडून घडले, हे मान्य करताना मनाला थोडी बोच लागली तरी ती लागू द्यावी.

शिवाय एक तिसरा वर्ग आहे, ज्याची सही कोठेच नाही. झाडावर चढून मोहोर काढणारे, पाणथळीत उतरून मुळे उपटणारे, ओझी वाहणारे असे कित्येक लोक ह्या उद्योगात होते. कोठली वेल कोठे मिळते हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी साक्ष दिली नाही, कारण ती त्यांना कोणी विचारली नाही. हा लेख सुरतेच्या दक्षिणेस पांडेसऱ्यात बसून लिहिला जात आहे. येथे खानदेशातून पोटासाठी आलेली शेकडो मराठी कुटुंबे कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या कारखान्यांत राबतात. रंगाची नेमकी छटा साधणारा हात कारागिराचा असतो, गठ्ठ्यावर नाव कारखान्याचे असते. त्यामुळे कोचीतील ते अनामिक लोक येथून फार दूरचे वाटत नाहीत.

ग्रंथाचे पुढे काय झाले? स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस ह्याने १७५३ साली वनस्पतींच्या नामकरणाची जी व्यवस्था लावली, तीत मलबारच्या वनस्पतींसाठी 'हॉर्टस' हा त्याचा मोठा आधार होता. त्यातील मलयाळी नावे शास्त्राच्या परिभाषेत शिरली. चिकू ज्या प्रजातीत मोडतो तिचे शास्त्रीय नाव 'मनिलकारा'. ते ऱ्हीडच्या ग्रंथातील मलबारी नावावरूनच आलेले आहे. लिनियसने ऱ्हीडच्या स्मरणार्थ एका प्रजातीस 'ऱ्हीडिया' असे नाव दिले होते; पुढे शास्त्रज्ञांनी ती प्रजाती 'गार्सिनिया'त विलीन केली. आपले भिरंड, म्हणजे कोकम, ह्याच 'गार्सिनिया'तले. आपल्या सोलकढीच्या झाडाच्या कुळात सुरतेच्या त्या थडग्यातील पुरुषाचे नाव असे विरघळून गेले आहे. अच्युतनच्या नावानेही ब्लूम ह्या शास्त्रज्ञाने 'अच्युडेमिया' अशी प्रजाती केली होती. लॅटिनच्या कुलुपात बंद असलेला हा ग्रंथ केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल ह्यांनी अनेक वर्षे खपून इंग्रजीत आणला व केरळ विद्यापीठाने तो २००३ साली प्रसिद्ध केला. मल्याळम भाषांतर २००८ मध्ये निघाले. म्हणजे अच्युतनच्या वारसांना त्याची साक्ष आपल्या भाषेत वाचण्यासाठी ३३३ वर्षे थांबावे लागले.

ऱ्हीडला स्वतःला ग्रंथ पुरा झालेला पाहता आला नाही. १६८४ साली कंपनीच्या मालकांनी त्याला पूर्वेकडील वखारींतील लाचलुचपत व खाजगी व्यापार ह्यांच्या चौकशीसाठी सर्वाधिकारी आयुक्त नेमले. केप, सिलोन, बंगाल, कोरोमंडल, मलबार अशी तपासणी करीत तो सुरतेच्या वखारीकडे निघाला होता. चौकशी अधिकारी वखारीत पोहोचण्यापूर्वीच वारला, आणि त्याच्यासाठी शहरातील सर्वांत मोठे थडगे बांधण्यात आले. दगडाच्या त्या वास्तूत स्मरण एकट्याचेच आहे. त्याच्या पुस्तकात मात्र त्याने इतरांची नावे, त्यांच्या लिपीत, त्यांच्या सहीनिशी राखून ठेवली. त्याचे न्याय्य मूल्यमापन करताना हे पारड्यात टाकलेच पाहिजे. ओर्ताच्या मालुपाचे नुसते नाव उरले. रंगभटांचे म्हणणे उरले, कारण ते लिहून घेतले गेले.

वाचकांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. आपल्या समाजातील कित्येक घरांत माळ्यावर, देवघराच्या फडताळात, देवस्थानाच्या जुन्या पेट्यांत वैद्यकाची बाडे पडून असतील. कोणत्या पाल्याचा रस कोणत्या तापावर, कोणते मूळ बाळंतिणीला, असे त्यांत लिहिलेले असते. त्यांना वाळवी लागण्यापूर्वी ती उघडावीत, नकलून घ्यावीत. आणि नकलताना घराण्याच्या नावापाशी थांबू नये. औषध आजोबांचे असेल, पण पाला कोण आणून देत असे, नाव कोणी सांगितले, कोणत्या गावच्या कोणत्या माणसाकडून ते घरात आले, हे घरातील वृद्धांना विचारून शेजारी लिहून ठेवावे. विनायक पंडितांनी आपल्या साक्षीत आधार सांगितला होता; त्यांच्या वंशजांनी निदान तेवढे करावे.